गुलाबाच्या ग्रुपवरून साडूंची हकालपट्टी

“अनुमोदक म्हणून माजं नाव? माजं? तुमच्या त्या फोनात मी माज्याच सख्ख्या भैनीच्या मालकाला हाकलून दिलं, आन् मलाच खबर न्हाई?”

आमच्या मंडळींचा आवाज मूळचाच दमदार. हे वाक्य अंगणात उच्चारलं गेलं आणि तिकडं दिंद्रुडच्या बाजारात वांगी निवडणारी माणसं मान वर करून बघायला लागली. (दिंद्रुड आमच्या गावापासून चांगलं लांब आहे, पण त्या दिवशी वारं तिकडंच वाहत होतं.) मंडळींच्या काखेत रिकामी घागर. मी बाजेवर बसून ‘गुलाबाच्या पानांवरील काळे ठिपके’ या विषयावर ग्रुपवर मार्गदर्शन करत होतो.

“कौसे, हळू. सगळं नियमानं झालंय.”

“कोन्त्या नियमानं?”

“सूचक मी, अनुमोदक तू. विरोधात कुणी बोललं नाही. ठराव सर्वानुमते मंजूर!”

“मी कवा दिलं अनुमोदन?”

“तू भाकरी थापत होतीस तेव्हा. तुझा फोन कोनाड्यात होता. अंगठा तेवढा मी पाठवला.”

सहकारात मुरलेल्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. घरातल्या बाईच्या नावानं अंगठा उठवणं याला आमच्याकडं गुन्हा म्हणत नाहीत, संसार म्हणतात. पण कौसाबाई आता ओरडत नव्हती. घागर खाली ठेवून ती उंबऱ्यावर बसली.

“टँकरच्या रांगेतून आक्कानं माजी घागर बाहीर काढून ठिवली,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापून रांगेत माजा नंबर आक्काच धरती. आज म्हनली, अनुमोदकानं आपला नंबर आपुन धरावा.”

आता हे साडू कोण, हा ग्रुप कसला आणि मी एवढा मोठा माणूस या भानगडीत कसा पडलो, ते सांगतो.

गंगाधरराव माझे साडू. दोघी बहिणी, एक मांडव, एकच गाव. आक्का थोरली, ती त्यांना. कौसा धाकटी, ती मला. गावच्या दूध संस्थेचे ते अध्यक्ष आणि मी सचिव. आमच्या काळात संस्थेत इतकं दूध यायचं की कॅन धुतलेल्या पाण्यावरसुद्धा साय धरायची. ते पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून अध्यक्षांनी आवारात गुलाब लावले. दूध पिऊन वाढलेले गुलाब ते! एकेक फूल एवढं मोठं की उन्हाळ्यात म्हैस त्याच्या सावलीला बसायची. (म्हैस लहान होती, हे मान्य.) त्यातला एक गावठी गुलाब म्हणजे अध्यक्षांचा जीव. बिनकौतुकाचा फिका रंग, पण वास असा की दूध घालायला आलेला माणूस फॅट कमी लागली तरी भांडायचं विसरायचा. त्याची काडी दोघी बहिणींच्या माहेरच्या परड्यातली.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. आधी चारा संपला, मग जनावरं छावणीला गेली, मग बाजाराला. दूध यायचं थांबलं आणि संस्थेला कुलूप लागलं. आवारातले गुलाब आम्ही दोघांनी कुंड्यांत घालून वाटून घेतले. गावठी अर्थातच अध्यक्षांकडं गेला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी आणि गंगाधरराव एकमेकांशी घरचं कधी बोललेलो नाही. बोलायचोच नाही! आमचं जे काही असेल ते सभेत. सगळे विषय संपले की विषयपत्रिकेवर शेवटचा विषय यायचा: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. संचालक चहा पिऊन निघून जायचे आणि आम्ही दोघं उरायचो. मग अध्यक्ष टोपी काढून म्हणायचे, “सचिव, आयत्या वेळचा एक विषय हाय.” त्यांच्या पोराचं लग्न आयत्या वेळच्या विषयात ठरलं. माझ्या छातीत कळ आली, ती मी आयत्या वेळच्या विषयातच सांगितली. बाजारात बैल मातीमोल भावानं गेला तेव्हा ते त्याच विषयात रडले, आणि मी खाली मान घालून ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं.

संस्था बंद पडली तशी सभा बंद पडली. रिकाम्या सचिवाइतकं धोकादायक जनावर मराठवाड्यात दुसरं नाही. मी फोनवर ‘गुलाबप्रेमी मंडळ’ काढलं. साडू आले, दिंद्रुडच्या स्टँडसमोरचा आमचा टेलर आला, तलवाड्याचे एक निवृत्त मास्तर आले, आणि त्यांच्या ओळखीनं आणखी बरेच. सुरुवातीला काय ती चर्चा! छाटणी, खत, कलम! पुढं मात्र शेवाळ धरलं. सकाळी उठावं तर देवांचे फोटो. दुपारी पुढाऱ्यांचे वाढदिवस. ‘हा मेसेज पुढं पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल.’ (मी पाठवला होता. लाइट गेली.)

मग मी चर्चेचा दर्जा हातात घेतला.

पोटनियम केले. फोटो टाकायचा तर सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, आणि फूल स्वतःच्याच दारातलं पाहिजे. टेलरनं लग्नातल्या हारातला गुलाब टाकला, पंधरवडाभर निलंबित! मास्तरांनी गुलाबावर कविता लिहिली. खताचा उल्लेख नाही म्हणून दुरुस्तीसाठी परत! आणि जो कोणी भलतं बोलेल त्याला माझं एकच उत्तर ठरलेलं: ‘विषयाला धरून बोला. – सचिव.’ थोड्याच दिवसांत दर्जा इतका उंच गेला की तिथपर्यंत कोणाचा आवाजच पोचेना.

‘आयत्या वेळचे विषय’ हे कलम मी पोटनियमांत घातलं नव्हतं. म्हटलं, त्यातूनच सगळी घाण शिरते.

एकटे गंगाधरराव तेवढे ऐकेनात. त्यांचा मेसेज यायचा: ‘टँकर मारुतीपाशी आलाय. निघा.’ मी लिहायचो, विषयाला धरून बोला. दुसऱ्या दिवशी पुन्हा: ‘टँकर निम्माच भरलाय. पळा.’ पुढं मला कळलं की निम्मं गाव माझ्या ग्रुपवर फक्त त्यासाठी होतं. मी टँकरचे मेसेज पुसायचो आणि वर माझा काळ्या ठिपक्यांवरचा लेख टाकायचो. लोक घागरी घेऊन माझा लेख वाचायचे आणि टँकर निघून जायचा!

मग एके दिवशी त्यांचा वेगळाच मेसेज आला. ‘आमची विहीर आटली. पोरगं पुण्याला बोलावतंय. जावं का ऱ्हावं?’

मी लिहिलं, ‘विषयाला धरून बोला. – सचिव.’

दोन दिवसांनी तोच मेसेज. माझंही तेच उत्तर. तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र मी खवळलो. हा काय नातेवाइकाचा वशिला समजतात काय? ग्रुपवर जाहीर कारणे दाखवा नोटीस काढली: ‘वारंवार विषय सोडून बोलल्याबद्दल आपणास का कमी करण्यात येऊ नये, याची कारणे द्यावीत.’ त्यांचं उत्तर लगेच आलं. ‘कारण: पाऊस न्हाई.’

खुलासा असमाधानकारक! सूचक मी, अनुमोदक कोनाड्यातला फोन, आणि साडू बाहेर.

त्यानंतर कौसाबाईनं घरात माझेच पोटनियम लागू केले. ताटात नुसती भाकरी आली.

“कालवण?”

“इषय भाकरीचा हाय.”

“निदान मीठ तरी दे!”

“अनुमोदक आना.”

मी अनुमोदकासाठी इकडंतिकडं पाहिलं. दारात कुत्रं बसलं होतं. त्यानंही तोंड फिरवलं.

असा आठवडा गेला. आणि एका सकाळी टेलरचा फोन आला. “सचिवसाहेब, तुमी दिसंना कावून?”

“कुठं?”

“स्टँडवर. अध्यक्ष बसलेत की सामान घिऊन. पुण्याची गाडी लागंल आता.”

“पुण्याला? आजच?”

“आज म्हंजी काय! समद्या गावाला म्हाईत हाय. तलवाड्याचे मास्तर काल येऊन भेटून गेले.”

“अबे, मग मला सांगितलं का नाहीस?”

“ग्रुपावर टाकनार व्हतो,” टेलर म्हणाला. “पन म्हनलं, इषय गुलाबाचा हाय.”

कौसाला मोटारसायकलवर घातलं आणि निघालो. ती गाडी मी अशी हाणली की वाटेतली बाभळीची झाडं उठून बाजूला झाली. तरी स्टँडवर पोचलो तेव्हा पुण्याची गाडी लागलेली होती, आणि खिडकीत गंगाधरराव मांडीवर कुंडी घेऊन बसले होते. गावठी गुलाब. पोत्यात बांधलेला, वर चार पानं.

कौसा धावत गेली. आक्का दारातच, एक पाय पायरीवर.

“आक्के, मी न्हाई गं अनुमोदन दिलं!”

“मला काय कळत न्हाई व्हय?” आक्का म्हणाली. “तुला फोन उचलता येत न्हाई नीट, तू काय कुनाला हाकलशील. राग दुसऱ्याचा व्हता गं. तुज्या घागरीवर निघाला.” आणि मग दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की त्या पाण्यात आमची संस्था पुन्हा चालू झाली असती.

मी खिडकीखाली उभा. गंगाधरराव वर. मध्ये गज.

कंडक्टर ओरडला, “ओ बाबा, कुंडी खाली द्या! माणसालाच जागा न्हाई, झाडाला कुठली देऊ?”

“पोरगं चौथ्या मजल्यावर ऱ्हातं,” गंगाधरराव माझ्याकडं न बघता म्हणाले. “तितं तसंबी ऊन येत न्हाई म्हनं.” त्यांनी उठून दारातून कुंडी माझ्या हातात दिली आणि परत जागेवर जाऊन बसले.

मला फार काही म्हणायचं होतं. जाऊ नका, हे तर अगदी ओठावर आलेलं. पण विषयपत्रिका नाही, अध्यक्षांची परवानगी नाही, टोपीही डोक्यावरच. मी म्हणालो, “खिडकीशी बसू नका. धूळ येते.”

“बरं,” ते म्हणाले.

गाडी गेली. धूळ मला आली.

घरी येऊन पहिलं काम केलं ते साडूंना ग्रुपवर परत घेण्याचं. हकालपट्टी रद्द! सूचक मी, अनुमोदक कौसाबाई; या वेळी तिनं स्वतः अंगठा दाबला, आणि इतका जोरात दाबला की फोनची काच तडकली. पोटनियमांत दुरुस्ती करून ‘आयत्या वेळचे विषय’ हे कलमही घातलं. टँकरचे मेसेज चालू केले. पण टाकणारा आता गावात नव्हता.

आणि गंगाधरराव? आदर्श सभासद! नमस्कार नाही, चमत्कार नाही, पुण्याचं एक अक्षर नाही. करमतं का, लिफ्टमध्ये चक्कर येते का, सुनेच्या हातची भाकरी जाते का, काही नाही. नुसतं, ‘कुंडी सावलीत ठेवा.’ ‘माती उकरा.’ ‘फोटो टाका.’ जो दर्जा मी जन्मभर शोधला, तो एकट्या त्यांनी गाठला होता. त्यांचा मेसेज आला की कौसा विचारायची, “दाजी काय म्हनत्यात? आक्का कशी हाय?” मी सांगायचो, “माती उकरा म्हणतात.”

त्या कुंडीला आम्ही काय कमी केलं? भांडी धुतलेलं पाणी तिला. माझ्या अंघोळीचं पाणी तिला. मग माझी अंघोळच कमी केली आणि कौसानं आपल्या तांब्यातलं निम्मं घालायला सुरुवात केली. दुपारी ती तिच्यावर आपलं लुगडं धरून उभी राहायची. पण ऊन असं पडलं होतं की सावलीसुद्धा सावली शोधत फिरत होती. एक एक करत चारही पानं गेली. परवा सकाळी मी शेंड्याची काडी मोडून पाहिली. आत हिरवं नव्हतं. मग बुडापाशी मोडून पाहिली. तिथंही नव्हतं.

कौसा दारातून बघत होती. आत गेली.

ग्रुपवर त्यांचा मेसेज येऊन पडला होताच: ‘बरेच दिवस फोटो नाही.’ मी फोन हातात घेतला. बाजेवर बसलो. टोपी काढून ठेवली. आणि ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला विषय सोडून बोलायला बंदी केली, त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं: ‘अध्यक्षांच्या परवानगीने, आयत्या वेळचा विषय. तुमच्याशिवाय करमत नाही. कौसा रांगेत एकटी उभी राहते. पाऊस पडो न पडो, माघारी या.’

टेलरनं वाचलं. मास्तरांनी वाचलं. सूचक कोण, अनुमोदक कोण, कुणी विचारलं नाही. बऱ्याच वेळानं पुण्याहून उत्तर आलं.

‘परवानगी नाही. विषयाला धरून बोला. गुलाब कसाय?’