चौथा भाग नको

शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते, नुकतीच पंचविशी ओलांडलेली. आम्ही तिथल्या तिघीजणी लायब्ररीतून एक चावट प्रेमकथामाला आणायचो आणि पेपरचं कव्हर घालून वाचायचो. तिची नायिकाही टायपिस्टच, म्हणून मला भारी उत्सुकता होती. पण तिसऱ्या भागापर्यंत तेच चाललेलं. मालक केबिनचं दार लावायचा, ती नको म्हणायची, तो नोकरीची आठवण करून द्यायचा आणि पुढच्या पानावर ती त्याच्या प्रेमात! मग त्यातला शृंगारही मला बेचव लागायला लागला.

पुस्तक परत करायला गेले, तेव्हा लायब्ररीवाल्या काकू म्हणाल्या, "चौथा भाग ठेवलाय की तुझ्यासाठी."

"नको काकू. त्या पोरीला न्हाय म्हणायची सोयच न्हाय. ह्याला प्रेम कसं म्हणायचं?"

मागं उभ्या असलेल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझे कान तापले, पण मी नजर झुकवली नाही.

काकू हळूच म्हणाल्या, "मलाबी तसंच वाटलं हुतं. पर बोलणार कोण?"

मी बोलले होते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मलाच उमगलं होतं. त्या संध्याकाळी मी सायकलवरून घरी गेले ती मान ताठ ठेवूनच.