कार्बनचा एकच चौकोन

आज कपाटाच्या दारावर सामानाची यादी चिकटवायला खळ शिजवली आणि त्या आंबूस वासानं दोंडाईच्याची शाळा आठवली. नववीत मी धुळ्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मूलद्रव्यांचा तक्ता केला होता. कार्बन-१२ आणि कार्बन-१४ एकाच चौकोनात लिहिले होते.

विज्ञानाचे सर म्हणाले, "अणुवस्तुमानांक वेगळा, मग चौकोनही वेगळा. चिकटव नवा."

"पण सर, दोघांत प्रोटॉन सहाच, म्हणजे अणुअंक एकच. फक्त न्यूट्रॉन दोन जास्त."

"आता तू मला शिकवणार?"

मी गरम खळ लावून कार्बन-१४चा वेगळा चौकोन चिकटवला. धुळ्यात परीक्षक बाई हसल्या, "अगं, समस्थानिकं ही! त्यांना वेगळी जागा कशी दिलीस?"

शेजारी उभे असलेले सर म्हणाले, "सांगितलं होतं हिला. ऐकतच नाही." तक्ता बाद झाला.

इतकी वर्षं मी तो कागद चिकटवल्याबद्दल स्वतःवर चिडत होते. आज संताप येतो तो सरांचा. त्यांना येत नव्हतं, ते चालेल. पण स्वतःची चूक त्यांनी एका शाळकरी मुलीच्या माथी मारली, हसत हसत. आणि मी तेव्हा मान खाली घालून बोटांवरची वाळलेली खळ सोलत राहिले.