डॉक्टरांच्या गाडीतला नवा सर्व्हो

वहिनींच्या वहीतली नोंद: रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी पाण्याची टाकी धुऊन घेतली. उशांचे अभ्रे वाळत घातले. दातांचे डॉक्टर येऊन आपली गाडी घेऊन गेले. दुपारी भावजी न जेवता, घरातल्या चपलांवरच बाहेर पडले.

भावजी भित्रे म्हणूनच सगळ्यांना माहीत. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली, पण जिचा ब्रेक लागताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नाही, त्या लिफ्टमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. सहाव्या मजल्यावरही जिन्याने जायचे. थोरले भाऊ चिडवायचे, "अरे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" त्यावर भावजी म्हणायचे, "दादा, ब्रह्मराक्षस परवडला. तो निदान तारेला लटकलेला नसतो."

दादा गेले. खालच्या मजल्यावर वहिनी राहू लागल्या आणि निवृत्त झालेले भावजी वरच्या खोलीत रिमोटच्या गाड्या दुरुस्त करू लागले. या गाड्यांना खेळणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. डॉक्टरांची गाडी पेट्रोलवर चालायची, भरल्या बादलीएवढी जड होती आणि स्कूटरला मागे टाकायची.

अशा गाडीत काडेपेटीहून जरा मोठ्या दोन डब्या असतात. त्यांना सर्व्हो म्हणतात. रिमोटवरून आलेला हुकूम हीच डबी बजावते. एक पुढची चाकं वळवते. दुसरीचा दांडा एका बाजूला गेला की इंजिनाला पेट्रोल मिळतं, उलट बाजूला गेला की ब्रेक लागतो. आणि हौशी लोकांचं सारं वेड या डब्यांपायी. कोणाला जोर हवा, कोणाला वेग. कोणाला आतले दाते धातूचेच हवेत, कारण प्लास्टिकचे दाते दगडाला धडकताच झडतात. कोणी म्हणे, वळवून सोडलं की चाक केसभरही न चुकता मधोमध यायला हवं. एका गिऱ्हाइकाला तर डबी निळीच हवी होती. ती बसते गाडीच्या पोटात, दिसणार कोणाला? "मला ठाऊक असेल ना!" तो म्हणाला होता. भावजींना ते पटलं होतं. वहिनींना एकदा ते म्हणाले, "यांना खरं तर एवढंच हवं असतं, की आपलं बोट आणि चाक यांच्यामध्ये दुसरं कोणी नाही असं वाटावं."

डॉक्टरांना वेग हवा होता. "काका, जुना सर्व्हो म्हणजे पेशंटसारखा. 'आ करा' म्हटलं की आधी विचार करतो. मला सांगितल्याबरोबर आ करणारा हवा."

पेट्रोल-ब्रेकसाठी तसा सर्व्हो भावजींनी मागवला. त्या सकाळी बसवला, तेव्हा डॉक्टर खांद्यामागे उभे राहून घाई करत होते. नव्या सर्व्होचा दांडा जुन्याच्या उलट फिरत होता, पण यात नवल काही नव्हतं. रिमोटवर दिशा उलटी करायची सोय असते. भावजींनी ती उलटी केली. दांडा असा काही लखकन हलला की दोघांच्याही तोंडून "वा!" निघालं. डॉक्टरांनी लगेच गाडी काखोटीला मारली. मैदानावर पोस्टमन वाट बघत होता.

हा पोस्टमन म्हणजे भावजींचा तरुणपणापासूनचा मित्र. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, पण मैदानाचा नाद सुटेना. गाडी पळवायला त्याला जमत नसे, म्हणून तो वळणावर उभा राहायचा आणि उलटलेली गाडी उचलून सरळ करून द्यायचा.

डॉक्टर गेल्यावर भावजींनी जुना सर्व्हो तपासायला घेतला. तारा जोडून ब्रेकचा जुना हुकूम दिला. दांडा डावीकडे फिरला. डावीकडे म्हणजे ब्रेक. आणि नवा सर्व्हो तर याच हुकमावर उलट...

भावजींनी तारा काढून पुन्हा जोडल्या. दांडा पुन्हा डावीकडेच.

रिमोटशी संपर्क तुटला तर काय करायचं, हे गाडीतल्या रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचा हुकूम झेलून सर्व्होला देणाऱ्या डबीला, आधी शिकवून ठेवावं लागतं. त्याला फेलसेफ म्हणतात. रिमोट गप्प झाला की रिसीव्हर सर्व्होला शिकवलेला हुकूम देतो आणि गाडी ब्रेक लावून थांबते. डॉक्टरांच्या गाडीला ही शिकवण भावजींनीच दिली होती, जुन्या सर्व्होच्या वेळी. आज रिमोटवर दिशा बदलली, पण रिसीव्हरला नव्याने शिकवलंच नाही. तो बिचारा जुनाच धडा गिरवणार. रिमोट बंद झाला की तोच जुना हुकूम देणार, आणि नवा सर्व्हो त्यावर दांडा उजवीकडे नेणार. उजवीकडे ब्रेक नव्हता, होतं सगळं पेट्रोल.

गाडी ठोकळ्यावर ठेवून, चाकं अधांतरी करून, रिमोट बंद करून बघितल्याशिवाय भावजी एकही गाडी बाहेर सोडत नसत. आज ती सोडली होती. आणि डॉक्टरांची एक खोड होती. गाडी उलटली की ते बॅटरी वाचवायला आधी रिमोट बंद करायचे. इकडे पोस्टमन पायाला जपत खाली वाकून ती छातीशी धरून उचलायचा.

भावजींनी डॉक्टरांना फोन लावला. कोणी उचलला नाही. पोस्टमन तर मैदानावर फोन नेतच नसे. ते धडाधड जिना उतरले.

"वहिनी! डॉक्टरांना फोन लावत राहा. मी जातो."

"अहो, ताट वाढलंय. आणि काय सांगू त्यांना?"

"सांगा, गाडी... नाही, 'बंद करा' म्हणू नका! काही झालं तरी 'बंद करा' म्हणू नका. रिमोट चालूच ठेवा म्हणावं. आणि गाडीजवळ कोणी जाऊ नका."

वहिनींनी उलट प्रश्न केला नाही. या माणसाला त्यांनी शंभरदा घाबरलेलं पाहिलं होतं, पण असं पांढरंफटक कधी नाही.

स्कूटर पिठाच्या गिरणीपर्यंत पोचली आणि भावजींच्या डोक्यात दुसरा विचार आला. फोन उचलायचा तर डॉक्टर काय करतील? गाडी थांबवतील. रिमोट बंद करतील. मगच खिशात हात घालतील. म्हणजे वहिनींना आपणच...

त्यांनी स्कूटर कडेला घेतली, वहिनींना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. वहिनी सांगितलेलं काम चोख करत होत्या. मागचा टेंपोवाला ओरडला, "काका, झोपायचं तर घरी जा!" भावजींनी फोन खिशात कोंबला आणि आयुष्यात पहिल्यांदा लाल सिग्नल तोडला.

मैदानाच्या फाटकाशीच इंजिनाचा आवाज कानी आला आणि त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. गाडी पळत होती, म्हणजे रिमोट चालू होता. ते आत धावले. डॉक्टर पलीकडच्या टोकाला चौथऱ्यावर, पोस्टमन वळणावर. ओरडावं तर काय ओरडावं? "थांबा" म्हटलं तर ते थांबवणार. "डॉक्टर" म्हटलं तरी दचकून तेच करणार. तोंड घट्ट मिटून भावजी धावत राहिले. एक चप्पल मातीत राहिली.

तेवढ्यात गाडी वळणावर उडाली, कोलांटी खाऊन उताणी पडली. चाकं वर, इंजिन चालू. पोस्टमन लंगडत निघाला. आणि डॉक्टरांच्या खिशातला फोन वाजू लागला. डॉक्टरांनी रिमोट डाव्या हातात घेतला. अंगठा बटणाकडे सरकला.

भावजींनी चौथऱ्यावर अक्षरशः झेप घेतली आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांचा हात रिमोटसकट आवळला.

"अहो काका! काय, झालंय काय?"

"सोडू नका. बंद करू नका. असाच धरून ठेवा." मग ते वळून जिवाच्या आकांताने ओरडले, "पोस्टमन, हात लावू नकोस! मागे हो!"

पोस्टमन गाडीवर वाकलेलाच होता. "का रे? चावते का तुझी गाडी?"

"हो, चावते! मागे हो म्हणतो ना, गाढवा!"

चाळीस वर्षांत भावजींनी त्याला गाढव म्हटलं नव्हतं. पोस्टमन मुकाट्याने मागे सरकला. भावजी स्वतः गेले. इंजिनाचं लाल बटण दाबून धरलं. इंजिन विझलं, मैदान शांत झालं. फोन मात्र वाजतच होता.

"आता बंद करा रिमोट," ते म्हणाले.

डॉक्टरांनी बंद केला. गाडीच्या पोटात दांडा टक्कन उजवीकडे गेला आणि पेट्रोलची वाट सताड उघडी करून तिथेच थांबला. तिघेही बघत राहिले.

"मी तपासलं नाही," भावजी म्हणाले. "तुमच्या घाईचा दोष नाही. मी त्या वेगाला भुललो."

पोस्टमनने आपल्या शर्टाच्या बटणांवरून हात फिरवला. तिथेच तो गाडी धरत असे. "मग आता शिकव तिला," तो म्हणाला. "मी उभा आहे इथे." आवाज नेहमीचा नव्हता.

भावजी मातीतच बसले. रिसीव्हरवरचं बारीक बटण दाबायला बोट स्थिर राहीना, तेव्हा डॉक्टरांनी दात धरतात तशी नाजूकपणे गाडी धरली आणि पोस्टमनने भावजींचं मनगट. रिमोट बंद, दांडा डावीकडे, ब्रेकवर. परत चालू, परत बंद. परत डावीकडे. डॉक्टर म्हणाले, "झालं काका, पुरे." पण भावजी थांबेनात. शेवटी रिमोटची बॅटरी संपली. तेव्हाही दांडा डावीकडेच गेला.

घरी आल्यावर ते ताटावर बसले. वहिनींनी विचारलं, "डॉक्टरांनी फोन उचललाच नाही. मी लावत होते ते बरोबर केलं ना?"

भावजींनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच परत ठेवला. "हो वहिनी," ते म्हणाले. "बरोबर केलंत."

वहिनींनी संध्याकाळी वहीत लिहिलं: स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे, वॉशर गेला असावा. तूर्त खाली पातेलं ठेवलं.