अकरावी विहीर

प्रयोगशाळेसाठी विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करणारा हा गृहस्थ तपकिरी काचेच्या बाटल्या घेऊन हिंडे. त्यामुळे अर्धं गाव त्याला दारुड्या समजत असे, आणि खरं ठाऊक असलेलं अर्धं गाव त्याहून वाईट काहीतरी. कारण पाण्यात फवारणीचं औषध सापडलं की विहिरीवर लाल पट्टा ओढायला हाच यायचा. तो दिसला की कुत्रीसुद्धा शेपूट घालून आत जात. बायको गेल्यापासून घरी बोलायला फक्त भिंती, आणि त्याही काही फार बोलक्या नव्हत्या.

एकच दार त्याच्यासाठी उघडं होतं, थोरल्या बहिणीचं. ती मळ्यात एकटी राही. दर महिन्याची फेरी संपली की तिथे चहा, आणि चहाबरोबर शिव्या.

"आला का बाटलीबहाद्दर! छप्पन वर्षांचा घोडा झालास, अजून शर्टाची बटणं वरखाली?"

एवढं ऐकायला तो महिनाभर वाट पाहायचा.

तिची विहीर यादीत अकरावी आणि बाटल्यांच्या पेटीत खाचा दहाच. म्हणून सहा वर्षं तिच्या रकान्यात तो सुवाच्य अक्षरात लिहीत आला होता, 'बाटली संपली.' साहेबांनी मोठी पेटी दिली असती, पण मागतोय कोण! विहिरीवर पट्टा आला की शहरातला भाचा आईला उचलून नेणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

पण गेल्या फेरीत शेजारच्या बागेतली दहावी विहीर वाईट निघाली. तिथले लोक फवारणीचे पंप ओढ्यातच धूत, आणि जमिनीखालचं पाणी काही कुंपण बघून थांबत नाही. या खेपेला ताईने पुढे केलेला कप त्याने खाली ठेवला.

"काय रे, माशी पडली?"

"नको चहा."

"माझा चहा नको? ताप आलाय का तुला?"

त्याने जेवणाच्या पिशवीतून अकरावी बाटली काढली, दोरीने विहिरीत सोडली, काठोकाठ भरली आणि आत बुडबुडा राहू न देता झाकण लावलं. ताई बघत राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं तू तपासलंच नव्हतंस?"

"नाही."

"का?"

"तू गेली असतीस, ताई."

"आणि गाढवा, स्वतःही इथलंच पीत होतास?"

त्याने होकारार्थी मान हलवली. ताईने त्याचा कप उचलला आणि चहा अंगणात ओतून दिला.

पंधरा दिवसांनी निकाल आला, ज्याची भीती होती तोच. भाचा टेम्पो घेऊन आला. गाद्या, भांडी, शिलाई मशीन, सगळं चढलं.

"शहरात येत जा रे," पुढच्या सीटवरून ताई म्हणाली. "आणि जेवत जा वेळेवर, काटकुळ्या."

"येईन."

टेम्पो वळणाआड गेल्यावर त्याने कठड्यावर लाल पट्टा ओढला. कुणाचा हात लागू नये म्हणून रंग वाळेपर्यंत थांबायचा नियम होता. हात लावायला आता तिथे कुणी नव्हतं. तरी तो थांबला.