गोड विहिरीवर कमेटी आली

आमच्या अकोल्याच्या भागात विहीर खणली की पाणी लागायचं, पण बहुतेक ठिकाणी खारट. त्यात डाळ शिजायची नाही. सोयरीक जमवताना लोक शेताच्या आधी विहिरीची चौकशी करत, पाणी गोड का खारं? आमच्या मळ्यातली विहीर गोड होती. आजही सांगताना माझी मान ताठ होते, मग काय!

गावाला लागून तो मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि विहिरीच्या पलीकडे मोगरा. सकाळी माय आणि मी मोगरा तोडायचो तेव्हा बोटांना दिवसभर वास राहायचा. तसा वास पुढे कुठल्याच मोगऱ्याला आला नाही. म्हातारपणी सगळ्यांना असंच वाटतं म्हणे. वाटू दे.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि म्युनिसिपालटीला आम्ही कमेटी म्हणायचो. रस्त्यावर पाणी शिंपडायच्या गाड्या, त्यांचे बैल, गिट्टी आणि रस्ता दाबायचं वाफेचं इंजिन, हे सगळं ठेवायचं कमेटीचं आवार भरबाजारात होतं. बैल भाजीत तोंड घालायचे, लोक बोंबलायचे. शेवटी नवी जागा शोधायचं ठरलं, आणि आमच्या मळ्यासमोरच्या पडीक वावराचं नाव निघालं.

मायनं बाबांना आधीच बजावलं, "त्याईले त्याईची जागा पाहू द्या. तुमी मधात बोलू नका. तुमच्या जिभेले हाड नाई."

"मी काहून बोलीन?" बाबा म्हणाले.

चैत्राच्या उन्हात कमेटीचे दोन मेंबर आणि ओव्हरसियर बैलांच्या दमणीतून उतरले. वावर पाहिलं, तिथल्या विहिरीचं पाणी चाखलं आणि थुंकले. असल्या खाऱ्या पाण्यानं इंजिन खराब होईल, बैलही पिणार नाहीत, असं म्हणत ते दमणीकडे वळले. तिथंच सगळं मिटलं असतं. पण आमच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तहानलेला माणूस तसाच गेला, असं कधी झालं नव्हतं.

"साहेब, पाणी तं पिऊन जा!" बाबांनी हाक मारली.

मी लोटे भरून दिले. ओव्हरसियर एक लोटा प्याले, दुसरा मागितला. "अहो, ही तर साखर आहे!"

झालं! बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "भर जेठात मोट चालते साहेब, पण तळ दिसत नाई. या ना, दाखवतो!" आणि बैल जुंपून त्यांनी खरंच मोट ओढून दाखवली. माय वांग्यांत उभी राहून खोकत होती. एकदा खोकली, पुन्हा खोकली. तर बाबा म्हणतात कसे, "अवं, तुले खोकला झाला काय? तूबी पी ना पाणी!"

मेंबरांनी एकमेकांकडे पाहिलं. माय खोकायची थांबली आणि खाली बसली.

पावसाळा सरता सरता नोटीस आली. मळा कमेटीच्या आवारासाठी घेतला जाणार होता. बाबांनी कचेरीचे उंबरठे झिजवले, हातापाया पडले. सार्वजनिक काम आहे, एवढंच उत्तर मिळायचं. बदल्यात अकोटच्या बाजूला जमीन मिळाली, तीही खाऱ्या पाण्याची. माय बाबांशी धड बोलेना. बोललीच तर, "घ्या, पाजा अजून पाणी!" मलाही बाबांचा फार राग आला होता. पण हाक मारून पाणी पाजणारा तसा माणूस पुन्हा पाहायला मिळाला नाही, हेही खरं.

ताबा द्यायच्या आदल्या दिवशी विकण्यासारखं सगळं तोडून झालं होतं. दुपारी पाहते तर बाबा मोटेला बैल जुंपताहेत.

"आता काहून पाणी देऊन राहिले?" माय ओरडली. "उद्या कमेटीचे लोक सारं उपटून फेकतीन!"

"उद्याचं उद्या पाहू. आज तं झाडाईले तहान लागलीच हाय ना," बाबा म्हणाले, आणि त्यांनी बैल हाकलले.

मग मायनं पदर खोचला, फावडं उचललं आणि पाटात उतरून वाफ्यांना पाणी वळवू लागली. मला रडू आवरेना. बऱ्याच वेळानं पलीकडून तिची हाक आली.

"मोगऱ्याले कमी गेलं, अवो. आणखीन एक मोट सोडा."