आढीच्या खोलीतला उजेड

वहिनीचा फोन आला तेव्हा मी आढीच्या खोलीत आंबे पिकायला पेंढ्यात रचत होतो. केसांत, सदऱ्यावर पेंढाच पेंढा. "भाऊजी, हे गेले हो... झोपेतच," एवढंच ती बोलली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रत्नागिरीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. त्याला तीन आठवडे झाले, पण आठवण येते ती याच खोलीत, आणि येते ती हसूच घेऊन.

दादाला एक वेड होतं. काचेच्या बंद नळीत रुबिडियम नावाच्या धातूची वाफ असते. लेसरचा उजेड सोडला की ती तो गिळून टाकते. पण दुसरा लेसर नेमका जुळवून सोबत सोडला, तर तीच वाफ पहिल्याला आरपार जाऊ देते. परदेशात हे कधीच झालं होतं. दादाला मात्र निवृत्तीआधी ते स्वतःच्या हातांनी करून बघायचं होतं. कॉलेज रस्त्यालगत, ट्रक गेला की लेसर वळवणारे आरसे थरथरायचे. त्याला हवी होती अंधारी, न हलणारी खोली. तशी आमच्या पूर्णगडच्या बागेत एकच होती, जाड जांभ्याच्या भिंतींची, आंबे पिकवायची. आणि याला सवड कधी, तर मे महिन्यात!

"मग आंबे काय तुझ्या डोक्यावर पिकवू?"

"टक्कल आहे रे बाळू, घरंगळतील."

पहिल्या वर्षी खोली निम्मी निम्मी केली. पेंढ्याचा धुरळा आरशांवर बसला आणि दादाची सगळी सुट्टी ते पुसण्यात गेली. तो चकार शब्द बोलला नाही, तेच मला सोसेना. पुढच्या वर्षी आढी माजघरात, आमच्या झोपायच्या जागी घातली आणि बायकोचे टोमणे ऐकत आम्ही ओटीवर झोपलो. एका दुपारी दादाने हाक मारली, "बाळू, धाव!" तो उजेड डोळ्यांना दिसत नाही म्हणे; यंत्राच्या पडद्यावरच्या रेघेत एक खळगा होता, वाफेने गिळलेल्या उजेडाचा, आणि खळग्याच्या मधोमध बारीकसा सुळका, आरपार आलेल्या उजेडाचा.

"एवढंसंच?"

"एवढंसंच," म्हणाला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मग माजघरातला आंबा चोखून खाल्ला आणि त्या चिकट हातांनी दिवसभर आरशांना शिवला नाही. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

निवृत्त झाल्यावर लेसर त्याने कॉलेजला देऊन टाकले. कोपऱ्यात, ज्यावर तो आरसे मांडायचा ते कडाप्प्याचं टेबल तेवढं राहिलं.

यंदा आंबा उदंड आलाय. काल खोली भरली, तेव्हा बायको म्हणाली, "त्या टेबलावर घाला की उरलेले." मी हो म्हटलं, टेबलावरचा धुरळा पुसला... आणि आंबे माजघरात नेले. तिने पाहिलं, आणि ओटीवर अंथरुणं घातली.