कुंकू लावलेले चंबू

खंडेनवमीला प्रयोगशाळेत शिरले आणि कपाळाला हात लावला. माझे सहाही काचेचे चंबू लख्ख घासून, कुंकू लावून टेबलावर मांडलेले. आमच्या मदतनीस सुशीलाबाई समाधानाने म्हणाल्या, "सगळ्यांत बुरशी आली होती मॅडम. पूजेला तसे कसे ठेवायचे?"

ती बुरशीच तर मी तीन आठवडे जिवापाड वाढवत होते. तिला हळदीचा अर्क खायला घालायचा, ती त्याचं काहीतरी वेगळंच करून ठेवते, आणि ते कर्करोगाच्या पेशींवर चालतं का ते बघायचं. कदाचित चालेल. त्या 'कदाचित'साठी केलेला सगळा आटापिटा मोरीत वाहून गेला होता.

पण चिडायचं तरी कोणत्या तोंडाने? लोणच्यावर पांढरा ठिपका दिसला की मीही अख्खी बरणी फेकून देते. घरात जिला क्षणभर थारा देत नाही, तिच्याकडूनच औषधाची आशा धरून बसते.

दसऱ्यानंतर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ही बुरशी कर्करोगाच्या औषधासाठी आहे, हे सुशीलाबाईंना आधीच सांगून ठेवलं. चंबूत ती धरू लागली तेव्हा त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या बहिणीला तोच आजार आहे. तिला मिळेल का हो हे?"

मी "कदाचित" म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्या शब्दाचा राग आला.